इंजिन खोलण्याआधी

जुना ट्रक दुरुस्त करावा की विकून टाकावा, हा प्रश्न घेऊन कोणी समुपदेशकाकडे कशाला जाईल, असं अनेकांना वाटतं. पण हा प्रश्न एकटा येत नाही. सोबत उडालेली झोप येते, घरातली धुसफूस येते, आणि 'काहीही ठरू दे, पण एकदाचं ठरू दे' ही घायकुती येते. इथे सांगते आहे तो अनुभव संबंधितांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून.

ते गृहस्थ एकाच ट्रकचे मालक आणि चालकही. इंजिन तापायला लागलं होतं. रेडिएटरमधलं पाणी कुठे गळताना दिसत नव्हतं, तरी कमी होत होतं. सकाळी गाडी सुरू केली की पांढरा धूर, आणि इंजिन गरम झालं तरी तो पुरता जात नव्हता. आधी थर्मोस्टॅट बदलला, मग वॉटर पंप, मग रेडिएटरच नवा टाकला. तापणं थांबलं नाही. एक मिस्त्री म्हणाला, फुल इंजिन करावं लागेल, म्हणजे पूर्ण खोलून नव्याने बांधावं लागेल. दुसरा म्हणाला, यात आता पैसे घालू नका. घरी पत्नीचं रोजचं सांगणं, "अहो, विकून टाका आणि मोकळे व्हा." मुलाचंही तेच. ते मात्र प्रत्येकाला एकच उत्तर देत होते: "एवढं घातलंय तिच्यात. आता कशी विकू?"

हे वाक्य मी फार वेळा ऐकते. ट्रकबद्दल, धंद्याबद्दल, कधी नात्याबद्दलही. अमेरिकेतल्या आर्क्स आणि ब्लूमर या दोन संशोधकांनी 1985 मध्ये याबद्दलचा एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. नाटकांच्या हंगामाची तिकिटं काहींना पूर्ण दराने विकली, काहींना सवलतीत. नाटकं तीच होती, तरी हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे भरलेले लोक जास्त प्रयोगांना गेले. गेलेला पैसा माणसाला पुढे ओढत नेतो. मी त्यांना सांगितलं, नवा रेडिएटर गाडीत आहे, तो तुम्ही ठेवलीत तर तुमच्या उपयोगाचा, विकलीत तर घेणाऱ्याच्या. पण त्याचं बिल दोन्हीकडे सारखंच गेलेलं आहे, म्हणून ते हिशेबात धरू नका.

त्यांना ते पटलं, तरी निर्णय होईना. गिऱ्हाइकांनी सांगितलेली किंमत त्यांना अपमान वाटत होती. यातही त्यांचं काही चुकत नव्हतं. कानेमान, नेच आणि थेलर यांच्या 1990 मधल्या प्रयोगात हातात नुकताच मग मिळालेल्या विद्यार्थ्यांनी तो विकायला जी किंमत सांगितली, ती इतर विद्यार्थी द्यायला तयार असलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट होती. काही मिनिटांपूर्वी मिळालेल्या मगाचं हे, तर वर्षानुवर्षं पोट भरणाऱ्या गाडीचं काय होणार!

मग मी विचारलं, "समजा, तुमच्या मनासारखी किंमत आली. गाडी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही काय करता?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "मॅडम, ही गाडी घ्यायच्या आधी मी दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होतो. विकली की परत तिथेच."

घरात इतके महिने इंजिनवर वाद चालू होता आणि ही गोष्ट पत्नीलाही त्यांनी सांगितली नव्हती. माझ्या मते अशा निर्णयांत सगळ्यात जास्त वेळ यालाच द्यायला हवा. विकायला नकार देणारा माणूस नेहमी हट्टी असतो असं नाही. त्याला विकण्यानंतरचा दिवस दिसत नसतो. पुढच्या भेटीला पत्नी आणि मुलगा दोघेही आले, आणि त्यांच्यासमोर ते हे बोलले. मुलाने पहिल्यांदाच 'विका' म्हणणं थांबवून विचारलं, "मग दुसरी गाडी घेण्याचा विचार करायचा का?" तिथून हिशेब सुरू झाला.

हिशेबाआधी निदान हवं होतं. इंजिनचं मला कळतं ते अशा भेटींतून शिकलेलं, पण एक गोष्ट मी आवर्जून सांगते: ठरवण्यासाठी इंजिन खोलू नका. खोललेल्या इंजिनाची गाडी विकायला काढली, तर किंमत पार पडते, आणि मग दुरुस्तीशिवाय वाट उरत नाही. न खोलता पुष्कळ कळतं. निळा धूर असेल तर बहुधा ऑइल जळतंय, काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासता येतं. सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून ती कुठून निसटते हे ऐकता येतं: ऑइल भरायच्या तोंडातून सू सू आली तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडरचं अस्तर, म्हणजे लायनर, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं गॅस्केट, किंवा हेडलाच चीर.

ज्याला काम मिळणार नाही अशा तिसऱ्या मिस्त्रीकडून त्यांनी तपासणी करून घेतली. बुडबुडे रेडिएटरमध्ये आले. रिंगा ठीक होत्या, बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे रिंगांमधून खाली निसटणारा दाब, नव्हतं, ऑइलमध्ये पाणी उतरलेलं नव्हतं. चासीला गंज नाही, गिअरबॉक्सची तक्रार नाही. म्हणजे फुल इंजिनची गरज दिसत नव्हती.

पुष्कळ जण दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी ताडून पाहतात आणि अर्ध्याच्या वर गेला की विकायचं म्हणतात. मला हा ठोकताळा अपुरा वाटतो, कारण विकल्यावर दुसरी गाडी फुकट येत नाही. आम्ही कागदावर दोन बाजू मांडल्या. एकीकडे दुरुस्ती, पुढच्या दोन वर्षांत अटळ दिसणारे टायर, क्लच, स्प्रिंगचे पाटे, आणि गाडी उभी राहील त्या दिवसांचं बुडणारं भाडं. दुसरीकडे बदली गाडीची किंमत, हप्त्यांचं व्याज, तिची कळून न येणारी दुखणी, आणि यातून वजा ही गाडी आहे तशी विकून येणारी रक्कम. मग मी शेवटचा प्रश्न विचारला: ही गाडी तुमची नसती, आज याच अवस्थेत, याच किमतीला समोर आली असती, तर घेऊन दुरुस्त केली असती का?

ते म्हणाले, "हो. निदान झाल्यावर, हो." दुरुस्ती त्यांच्या मनात आधीपासून होतीच, पण आता तिचं कारण वेगळं होतं. ते कारण मी त्यांच्याकडून लिहून घेतलं, जुन्या बिलांचा उल्लेख न करता.

त्याखाली तिघांनी मिळून मर्यादा लिहिली. हेड वाकलेलं असेल तर फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून घ्यायचं. हेडला चीर असेल तर थांबून पुन्हा हिशेब. ब्लॉकला चीर असेल तर तिथेच थांबायचं आणि गाडी विकायची. गॅरेजमध्ये, ग्रीस लागलेल्या हातांनी 'आता इतकं खोललंय तर' असं म्हणत घेतलेले निर्णय महाग पडतात, म्हणून हे घरी, शांत डोक्याने ठरवणं मला महत्त्वाचं वाटतं.

याच सुमारास आणखी एक जण आले होते. त्यांच्या गाडीच्या रिंगा गेलेल्या, चासी जागोजागी गंजलेली. त्यांचं उत्तर विकणं हेच आलं. घेणाऱ्याला सगळे दोष सांगून, कमी किंमत घेऊन त्यांनी गाडी दिली, आणि नंतर कोणाचा फोन आला तर काय, ही धास्ती राहिली नाही.

पहिल्या गृहस्थांच्या इंजिनाचं हेड थोडं वाकलेलं निघालं, चीर नव्हती. फेसिंग झालं, गॅस्केट बदललं, गाडी रस्त्यावर आली. तो कागद त्यांनी फाडला नाही. पुढचं मोठं काम निघालं तर किती खर्चापर्यंत जायचं, हेही त्यावर पत्नीच्या अक्षरात लिहिलेलं आहे, आणि बदली गाडीसाठी दर महिन्याला किती बाजूला टाकायचे, तो आकडा मुलाने घातला आहे.