डॉक्टरकाका गेले, आता मला डॉक्टर व्हायचंय

प्रश्न : मी कळव्यात राहते, अकरावी सायन्सला आहे. आमच्या गल्लीतले डॉक्टरकाका गेल्या महिन्यात वारले. त्या दिवशी आजूबाजूची दुकानं बंद होती, रिक्षावाले काका लहान मुलासारखे रडत होते. माझ्या आजीला दोन महिने कोरडा खोकला होता. एक्स-रे झाला, तीन सिरप झाली. डॉक्टरकाकांनी एवढंच विचारलं, 'आजी, बीपीची गोळी कधी बदलली?' त्यांनी दुसरी गोळी दिली आणि महिनाभरात खोकला गेला. मला त्यांच्यासारखं व्हायचंय. बाबा म्हणतात, गल्लीतल्या डॉक्टरांचे दिवस संपले, स्पेशालिस्ट होणार असशील तरच नीटच्या मागे लाग. काय करू?

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा आजीच्या खोकल्यापाशी थांबले.

बीपीच्या काही गोळ्यांनी काही जणांना असा कोरडा खोकला लागतो. एमबीबीएसच्या मुलांना हे शिकवतात, त्यामुळे बाकीच्या डॉक्टरांना ते माहीत नसेल असं मला वाटत नाही. पण आजी त्यांच्याकडे पहिल्यांदाच गेली असणार. जुनी चिठ्ठी घरी राहिलेली, आणि विचारलं तर ती सांगणार, 'एक पांढरी गोळी घेते.' डॉक्टरकाकांच्या कपाटात मात्र तिचे कितीतरी वर्षांचे केसपेपर होते. तुला जे आवडलं ना, ते हे आहे. त्याला फॅमिली मेडिसिन म्हणतात आणि तो स्वतंत्र विषय आहे. एमबीबीएसनंतर तीन वर्षांचं एमडी किंवा डीएनबी, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण, त्यात करता येतं. म्हणजे बाबांना हवा तो स्पेशालिस्ट आणि तुला हवा तो गल्लीतला डॉक्टर, दोन्ही एका पाटीवर मावू शकतात.

बाबांचं अगदीच चुकतंय असं मी म्हणणार नाही. ठाण्यात रस्त्यालगतचा गाळा घ्यायचा म्हटलं तर नव्या डॉक्टरच्या छातीत धडकी भरते. त्यांची काळजी तिथून आलेली आहे, ती नीट ऐकून घे. पण वयस्कर डॉक्टरांचा चालू दवाखाना पुढे चालवायला घेणारी, पॉलिक्लिनिकमध्ये संध्याकाळचे दोन तास बसणारी तरुण मंडळी मी पाहिली आहेत.

वाट लांब आहे. नीटला 720 गुण, त्यातले 360 एकट्या बायोलॉजीचे. चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा. मग साडेचार वर्षं एमबीबीएस आणि एक वर्ष इंटर्नशिप. सरकारी कॉलेजातल्या 85 टक्के जागा राज्याच्या कोट्यातल्या असतात. तुमच्या कळव्यातच महापालिकेचं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे. खासगी कॉलेजची फी मात्र लाखांत जाते, तेव्हा घरी त्याबद्दल आत्ताच मोकळेपणी बोला. बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएसलाही (होमिओपॅथी) नीटमधूनच प्रवेश मिळतो. पण एमबीबीएस हुकलं म्हणून तिकडे वळू नकोस, त्या शास्त्राची ओढ असेल तरच जा.

आता मला खरं काळजीचं वाटतं ते सांगते. माणूस गेल्यावर आपल्याला त्याची शेवटची गर्दी आठवते. त्याच्या रोजच्या दुपारी आठवत नाहीत. जुलैमध्ये काकांच्या बाकावर काय असायचं, आठवून बघ. भिजलेल्या छत्र्या आणि तापाचे पेशंट, एकामागून एक. प्रत्येकाला तेच प्रश्न : थंडी वाजते का, पोटऱ्या दुखतात का, साचलेल्या पाण्यातून चाललात का, पायाला जखम आहे का? लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा जंतू, उंदरांच्या मुतातून पाण्यात येतो आणि जखमेतून अंगात शिरतो. त्यामुळे चाळिसाव्या पेशंटलाही वाकून त्याच्या पायाची बोटं बघावी लागतात. रात्री साडेनऊला, पोटात भूक असताना. असं वाकणं तुला जमेल का? हा प्रश्न नीटच्या पेपरात येत नाही, म्हणून मी विचारते आहे.

याचं उत्तर मला कळवायची घाई नको. काकांच्या दवाखान्यात केसपेपर काढून देणाऱ्या ताई असतीलच, त्यांना भेट. काका कशाने वैतागायचे, कुठला पेशंट हातचा गेला तेव्हा जेवले नव्हते, पैसे नसलेल्याला काय सांगायचे, हे त्यांच्याकडून ऐक. मग ओळखीच्या एखाद्या डॉक्टरांना विचारून त्यांच्या वेटिंगमध्ये पावसाळ्यातल्या चार संध्याकाळी नुसती बसून ये. एवढं करूनही मन तिथेच राहिलं, तर बाबांना माझ्याकडे घेऊन ये, आपण तिघं बसून बोलू. नाही राहिलं, तरी काकांशी तू बेइमानी केलीस असं मनात आणू नकोस. त्यांनी तुझ्याकडून काही कबूल करून घेतलं नव्हतं.

आणि एक काम या रविवारीच कर. आजीच्या खोकल्याचं जे मला लिहिलंस, ते एका कागदावर पुन्हा लिही आणि काकूंना नेऊन दे. आजीला सोबत घेऊन जा.