मोरोक्कोतल्या मराकेशला घेतलेली जुनी ‘बर्बर’ चांदीची पिन नेमकी कुठल्या भागातली, हे कसं ओळखायचं?

तुमची पिन त्रिकोणी आहे, वर निळा-पिवळा मीना आणि लाल खडे आहेत, आणि दुकानदार ‘अस्सल बर्बर’ यापलीकडे काही सांगेना. तो खोटं बोलला असं नाही. पण बर्बर, म्हणजे अमाझिघ, लोक मोरोक्कोपासून लिबियापर्यंत आणि खाली सहारात नायजरपर्यंत पसरलेले आहेत. तेवढ्यावरून गाव लागत नाही.

आधी पिन उलटी करा. अल्जीरियातल्या कबाइली डोंगरांत, विशेषतः बेनी येन्नीच्या गावांत, सोनार चांदीच्या पत्र्यावर बारीक तार डाकून छोटे कप्पे करतात, त्यांत निळा, हिरवा, पिवळा मीना भरून तो आगीत पक्का करतात आणि अधूनमधून पोवळी बसवतात. मोठ्या नगांना मागूनही मीना असतो, जो अंगावर घातल्यावर कुणाला दिसतसुद्धा नाही! तुमच्या पिनेला मागे असं काम असेल, तर माझा कौल कबाइलीला. (तिथला गोल बिल्ला, ताबझिम्त, मुलगा झाला की आई कपाळावर मिरवायची.)

त्रिकोणी पिन म्हटलं की दक्षिण मोरोक्को, तिथलं तिझनित गाव आणि अँटी-ॲटलासचे डोंगर डोसक्यात येतात. पण त्रिकोण कबाइलीतही असतो, तेव्हा नुसत्या आकारावर जाऊ नका. तिझनितकडचा मीना पिवळा-हिरवा जास्त, आणि लाल ठिपका बहुधा काचेचा. या पिना जोडीनं वापरतात: न शिवलेलं वस्त्र दोन्ही खांद्यांजवळ अडकवायचं, मधे साखळी, साखळीत अंड्याच्या आकाराचा मीनेदार मणी. साखळी अडकवायची कडी आतून झिजलेली असेल, तर पिन खरंच कुणीतरी वापरलेली आहे आणि तिची जोडीदारीण कुठेतरी वेगळी विकली गेली.

मीना नसता तर वाट वेगळी होती. अल्जीरियातल्याच ओरेस डोंगरातलं काम पातळ पत्र्याचं, हलकं. ट्युनिशियाच्या जेर्बा बेटावरच्या पिना चंद्रकोरीच्या, कधी सोन्याचा मुलामा दिलेल्या. सहारातल्या तुआरेग लोकांचा ‘अगादेझचा क्रॉस’ (अगादेझ हे नायजरमधलं शहर) मेणाचा नमुना करून ओतलेला.

आता खरी अडचण. घडवणारे आणि घालणारे बरेचदा वेगळे समाज असायचे. मोरोक्को आणि ट्युनिशियात पुष्कळ सोनार ज्यू होते, आणि 1948 नंतरच्या काळात त्यांतले बहुतेक इस्रायल-फ्रान्सला गेले. दागिनाही लग्नात, बाजारात गाव बदलत राहिला. म्हणून पिन मराकेशला मिळाली, याला पुरावा म्हणून मी काडीची किंमत देत नाही.

चांदीवर मारलेल्या सरकारी छापाचंही तसंच. बारीक हंस दिसला तर तो फ्रान्सचा, 1893 पासूनचा: नग बाहेरून तिथे आला किंवा त्याचं मूळ तिथे कळलं नाही, एवढंच तो सांगतो. आणि कुणी दागिन्याला लटकणाऱ्या, ऑस्ट्रियाच्या राणी मारिया थेरेसाच्या चांदीच्या नाण्यावरचं 1780 दाखवून ‘अडीचशे वर्षं जुनं’ म्हणालं, तर हसून पुढे चला. ते नाणं नंतरही पिढ्यान्‌पिढ्या त्याच सालानं पाडलं गेलं.

फोटो टाकाल तर मागची बाजू, पिनेचा सांधा आणि मीन्याची कड जवळून घ्या. त्याआधी चांदी पॉलिश करू नका. खाचांतला जुना काळपटपणा गेला की वय ठरवणं आणखी अवघड होतं.