देवराईत मुंग्यांच्या जाती जास्त का?

प्रश्न: देवराईत २० आणि शेजारच्या काजूबागेत १२ खड्डा-सापळे (जमिनीत काठोकाठ पुरलेले पेले) लावले. मुंग्यांच्या अनुक्रमे २४ आणि १७ जाती मिळाल्या. देवराई अधिक समृद्ध म्हणावी का?

उत्तर: एवढ्यावरून नाही. सापळे वाढले की जाती वाढतातच. देवराईतले कोणतेही १२ सापळे पुन्हापुन्हा निवडून जातींची सरासरी काढा, मग १७शी ताडा. मुंग्यांची डोकी मोजू नका. वारुळाजवळच्या एकाच सापळ्यात शेकडो पडतात. जात किती सापळ्यांत आली तेवढेच लिहा.

सापळ्यांतून निसटलेल्या जातींचा अंदाज बांधायला चाओ-२ हे सूत्र वापरा: एकाच सापळ्यात आलेल्या जातींच्या संख्येचा वर्ग, भागिले नेमक्या दोन सापळ्यांतल्या जातींची दुप्पट. समजा देवराईत त्या अनुक्रमे ८ आणि ४, तर ६४ ÷ ८ = ८; मिळालेल्या २४ मध्ये हे मिळवले की निदान ३२. मात्र त्याच जातीची मोठ्या डोक्याची शिपाई मुंगी वेगळी जात धरलीत, तर हा आकडा उगाच फुगतो.