प्रोसेसर गेलेला नाही, तापतोय

प्रश्न : घराला लागूनच आमची यंत्रमागाची शेड आहे. तिचा हिशेब, जीएसटीची बिलं आणि मुलाचा अभ्यास, सगळं एकाच जुन्या डेस्कटॉपवर चालतं. चौथ्या पिढीचा आय-थ्री ४१३० प्रोसेसर, आठ जीबी रॅम, विंडोज १०. एसएसडी बसवली तेव्हा मशीन छान पळायला लागलं होतं. आता सकाळी अर्धा तास बरं चालतं, मग पंखा घरघरतो आणि माउससुद्धा अडखळतो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, वापर कधी ६० टक्के, कधी १००. सकाळी तिथल्या यादीत ‘सिस्टम आयडल प्रोसेस’ ९० टक्के दिसली, ती बंदही होत नाही. दुकानदार म्हणतात, प्रोसेसर गेला, नवीन मशीन घ्या. घ्यावंच लागेल का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : लगेच नको. संगणकात प्रोसेसर हा फार क्वचित बिघडणारा भाग आहे. तो गेला तर बहुतेक वेळा मशीन सुरूच होत नाही, नाहीतर अचानक बंद पडतं. रोज सकाळी नीट चालून मग मंदावणं हे त्याचं लक्षण नाही. ‘सकाळी अर्धा तास बरं’ आणि ‘घराला लागून यंत्रमाग’ एवढं वाचल्यावर माझा पहिला संशय उष्णतेवर जातो.

‘सिस्टम आयडल प्रोसेस’ची काळजी सोडून द्या. ती ९० टक्के दिसते, म्हणजे तेवढा प्रोसेसर रिकामा आहे. ती बंद करायची नसतेच.

आता टक्क्यांपेक्षा महत्त्वाचा आकडा बघू. मशीन मंद झालं की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयू निवडा. आलेखाखाली ‘स्पीड’ आणि शेजारी ‘बेस स्पीड’ लिहिलेला असतो. तुमच्या प्रोसेसरचा बेस स्पीड ३.४ गिगाहर्ट्झ. काहीच काम चालू नसताना स्पीड ०.८ पर्यंत उतरतो, ते वीज वाचवण्यासाठी असतं, दोष नाही. पण एक्सेल, चार टॅब आणि एखादा व्हिडिओ चालू असतानाही आकडा दीड-दोनवरच अडकला असेल, तर प्रोसेसर स्वतःचा वेग मुद्दाम कमी करतोय. तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की जळू नये म्हणून तो हे आपोआप करतो. काम तेवढंच आणि वेग निम्मा, मग माउस अडखळणारच.

खात्री करायला खर्च नाही. मशीन बंद करून प्लग काढा, कॅबिनेटचं बाजूचं झाकण उघडा, टेबल फॅनचा झोत आत जाईल असा ठेवा आणि मशीन पुन्हा सुरू करा. चालू असताना आत हात घालू नका. तेवढंच काम चालू असताना तासाभरानंतरही स्पीड तीनच्या वर टिकला, तर निदान पक्कं झालं.

यंत्रमागाच्या भागातल्या मशीनमध्ये मी एक गोष्ट नेहमी बघतो. वरून पंख्याची पाती स्वच्छ दिसतात, दुकानात ब्लोअर मारून देतात आणि काम झालं असं वाटतं. कचरा मात्र पंख्याच्या खाली, हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पत्र्यांवर असतो. कापसाचे बारीक तंतू हवेबरोबर ओढले जाऊन तिथे नमद्यासारखा घट्ट थर धरतात. वरून हवा मारली की तो आणखी आत दबतो. त्यामुळे पंखा हीटसिंकसकट काढायला सांगा, चिमट्याने तो थर उचलायला सांगा आणि मग कोरड्या ब्रशने पत्रे झाडून घ्या. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवायची, मोकळी भन्नाट फिरली तर बेअरिंग खराब होतं. हीटसिंक निघालाच आहे तर प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली, उष्णता पोचवणारी थर्मल पेस्ट वाळलेली असेल ती पुसून नवी लावा, मधोमध थोडीशीच. परत बसवताना कंपनीच्या मूळ हीटसिंकच्या चारही प्लास्टिक खुंट्या तिरक्या समोरासमोरच्या जोडीने दाबायच्या आणि प्रत्येकीचा ‘टक’ आवाज ऐकायचा. एक जरी नीट बसली नाही तरी हीटसिंक तिरका राहतो आणि सगळी मेहनत वाया जाते. हे काम आपल्या डोळ्यांसमोर करून घ्या.

टेबल फॅनने काहीच फरक पडला नाही, तर मात्र सॉफ्टवेअरकडे वळा. ‘प्रोसेसेस’मध्ये सीपीयूच्या रकान्यावर क्लिक केलं की जास्त खाणारा वर येतो. ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’ असेल तर अपडेट चालू आहे, त्याला वेळ द्या. अँटीव्हायरस दोन असतील तर एक काढाच, दोघं एकाच फाइलवर तुटून पडतात. क्रोम वर असेल तर क्रोममध्येच शिफ्ट आणि एस्केप दाबा, कोणता टॅब किंवा एक्स्टेन्शन खातंय ते कळतं. टास्क मॅनेजर उघडल्याबरोबर भार गायब होत असेल आणि बंद केल्यावर पंखा पुन्हा ओरडत असेल, तर चोरून क्रिप्टो-मायनिंग करणाऱ्या, म्हणजे तुमचा प्रोसेसर वापरून दुसऱ्यासाठी आभासी चलन कमावणाऱ्या, प्रोग्रामचा संशय घ्या आणि विंडोजच्याच डिफेंडर अँटीव्हायरसचा ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवा. आणखी एक : आठवड्यातून एकदा ‘शट डाउन’ऐवजी ‘रिस्टार्ट’ करा. विंडोज १० मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउनने सिस्टम पूर्ण ताजी होत नाही.

दुकानदारांचा सल्ला एका वेगळ्या कारणाने विचारात घ्यावा लागेल. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. त्याच मशीनवर जीएसटी आणि बँकेचं काम होत असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करा; घरगुती वापरासाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. पैशांच्या कामासाठी त्यानंतर नवं मशीन घ्या. हे साफ केलेलं मशीन विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून मुलाच्या अभ्यासाला ठेवा. फक्त शेडच्या भिंतीपासून दूर आणि जमिनीवर न ठेवता टेबलावर.