मराठी माध्यमातून बारावी झाली आहे, कोरियनचं एक अक्षरही येत नाही. बी.ए. कोरियन झेपेल का?

हो, नक्की झेपेल. दिल्लीच्या जेएनयूत बी.ए. ऑनर्स कोरियन आहे, प्रवेश सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो आणि शिकवणं मुळाक्षरांपासून सुरू होतं. मी हीच भाषा शिकले आहे, म्हणून खात्रीने सांगते: मराठी येणं इथे फार कामी येतं. क्रियापद शेवटी येतं आणि प्रत्यय नामाला मागून जोडतात. ‘हाक्क्यो’ म्हणजे शाळा, ‘हाक्क्यो-ए गायो’ म्हणजे ‘शाळेत जातो’. शब्दांचा क्रम तोच! कोरियाच्या राजा सेजोंगने १४४६ मध्ये जाहीर केलेल्या हांगुल या कोरियन लिपीत आज मूलभूत अक्षरं फक्त २४. ती आठवड्याभरात वाचता येतात.

खरी दमछाक आदरार्थी रूपांत होते. आपण ‘आला’चं ‘आले’ करून सुटतो. तिथे कोणाबद्दल बोलतोय आणि कोणाशी बोलतोय, दोन्ही पाहून क्रियापद बदलावं लागतं. वडीलधाऱ्यांच्या खाण्याला तर क्रियापदच वेगळं. इथेच संस्कृती कळते, त्यामुळे हा भाग घाईने उरकू नका.

फक्त एक लक्षात ठेवा: नोकरीसाठी नुसती पदवी पुरेलच असं नाही. सोबत टॉपिक (TOPIK) ही कोरियन भाषेची प्रावीण्य परीक्षा द्या. तिच्या सहा पातळ्या आहेत, निदान चौथीपर्यंत पोहोचा.