मोबाइल काढून घेण्याआधी

परभणी जिल्ह्यातील एका वाचक भगिनींनी लिहिले आहे: ‘माझा मुलगा 11 वर्षांचा आहे. करोनाच्या काळात पहिलीच्या ऑनलाइन वर्गासाठी त्याच्या हातात मोबाइल दिला, तो अजून सुटलेला नाही. शाळेतून आला की झोपेपर्यंत व्हिडिओ पाहतो आणि 3 वर्षांची धाकटीही त्याला चिकटून बसते. मोबाइल काढून घेतला तर जेवणाचे ताट ढकलून देतो. यांनी एकदा हात उगारला, तेव्हापासून तो जास्तच हट्टी झाला. चित्रकलेच्या क्लासला घातले, तर 8 दिवसांत सोडून आला. सासूबाई मलाच दोष देतात. खरे सांगायचे तर भाकरी थापतानाही माझा मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवलेला असतो. लग्नाआधी मी वाकळा शिवत असे, आता तेही सुटले. मी काय करू?’

प्रिय ताई,

पिठाच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलविषयी तुम्ही आपण होऊन लिहिलेत, याचे मला मनापासून कौतुक वाटते. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथूनच आणि तुमच्या सुटलेल्या वाकळेपासूनच सुरू करावेसे वाटते.

एक व्हिडिओ संपतो न संपतो तोच पुढचा आपोआप सुरू होतो. थांबण्याची जागाच त्यात ठेवलेली नसते, आणि जिथे मोठ्या माणसांचाही पाय निघत नाही तिथून 11 वर्षांच्या मुलाने आपल्या मनाने उठावे, ही अपेक्षा फार मोठी आहे. त्याचे ताट ढकलणे मला उद्धटपणाचे वाटत नाही; मध्येच ओढून घेतल्याचा तो संताप आहे. याउलट वाकळेची एक ओळ पुरी झाली की सुई कापडात खोचून ठेवता येते आणि दुसऱ्या दिवशी ती तिथेच सापडते. मुलाच्या हाताला असे काम हवे आहे, जे रात्री अर्धवट ठेवून झोपता येईल आणि ज्याची सकाळी उठल्यावर आठवण होईल.

क्लास त्याने सोडला, याचे मला नवल वाटत नाही. दिवसभर शाळेत बसून आलेल्या मुलाला तिथेही पुन्हा सांगितले तसेच करायचे असते, आणि मग छंदाचा अभ्यास होऊन बसतो.

पोळ्याला मातीचे बैल तुमच्याकडेही होत असतील. त्यासाठी पोळ्याची वाट पाहू नका. रविवारी त्याला बरोबर घेऊन शेतातली काळी माती आणा, खडे वेचू द्या, रात्रभर भिजत घाला आणि सकाळी त्याला हवा तसा बैल करू द्या. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना आक्रसते, त्यामुळे हा पहिला बैल बहुधा पाठीवर तडकेल, एखादे शिंगही गळून पडेल. तडकू द्या, आणि ‘मी सांगितले होते’ असे म्हणू नका. मग त्याला आजीकडे पाठवा आणि भिंती लिंपताना मातीत काय घालत असत, ते विचारायला सांगा. भुसा, बारीक केलेला कडबा, शेण असे काहीतरी त्या नक्की सांगतील, कारण त्यातल्या काड्या आणि तंतू मातीला धरून ठेवतात. अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रांखाली जो मातीचा गिलावा आहे, त्यातही भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले आहेत, हेही त्याला सांगा. दुसरा बैल भुसा घालून करू द्या. पाय आखूड आणि जाड असावेत, आणि तो उन्हात न ठेवता सावलीत वाळवावा. दोष देणाऱ्या सासूबाईंनाही यात मानाची जागा मिळेल, आणि ती त्यांच्या हक्काची आहे.

एक विनंती आहे. त्या बैलाचा फोटो काढून स्टेटसला ठेवू नका. नाहीतर किती जणांनी पाहिला, हे बघायला तो पुन्हा पडद्याकडेच वळेल.

मोबाइल एका दिवसात बंद करू नका. व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमधून बंद करा आणि ‘हा संपला की ठेवायचा’ असे आधी ठरवून घ्या. संध्याकाळी 7 ते 8 या वेळेत घरातले सगळे मोबाइल, त्याच्या वडिलांचासुद्धा, एकाच कोनाड्यात राहू द्या. हात उगारणे मात्र पूर्णपणे थांबले पाहिजे. मारामुळे ओढ कमी होत नाही, फक्त लपवाछपवी वाढते. धाकटीच्या बाबतीत जास्त कडक राहा: 2 ते 4 वर्षांच्या मुलांना दिवसाला 1 तासापेक्षा अधिक पडदा नको, आणि त्याहून कमी तर उत्तमच, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019मध्ये सांगितले आहे. तिलाही मातीचा एक गोळा द्या.

मुलाची झोप उडाली, तो शाळेत जायला नकार देऊ लागला किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करू लागला, तर छंदांवर विसंबून राहू नका. शासनाच्या टेली-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर लगेच फोन करा.

आणि सासूबाईंच्या पेटीत दोन जुनी लुगडी असतील, ती मागून घ्या. 7 वाजता मुलाशेजारी बसून वाकळेचा पहिला धावदोरा तुम्ही घाला. मध्येच तो सुईत दोरा ओवून द्यायला आला, तर त्याच्या हातात सुई द्या.