पायाळू मेहुणी आणि पहाटेची कळशी

प्रश्न : मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. वय ४७. दिवसभर गादीवर मांडी घालून बसतो. पुढ्यात बैठं मेज, त्यावर चोपड्या आणि आता संगणकही. दर दोन-तीन महिन्यांनी कमरेत उसण भरते, बहुतेक वेळा पहाटे पाणी भरताना. तीन-चार दिवसांत जाते. मेहुणी पायाळू आहे, तिची लाथही खाऊन झाली. सासरे म्हणतात जमिनीवर झोपा, मित्राने कमरेचा पट्टा आणून दिलाय. उसण भरूच नये म्हणून रोज काय करू?

उत्तर : दिवाणजी, पायाळू माणसाच्या लाथेने उसण उतरते असं माझी आजीही सांगायची. साधी उसण चार दिवसांत तशीही उतरतेच, श्रेय मेहुणीला मिळतं. यापुढे तिला नुसता नमस्कार करा.

तुमच्या पत्रातली खरी गोष्ट आहे ती पहाटेची. मणक्यांच्या मधल्या चकत्या रात्रभर पाणी शोषून फुगतात. म्हणून सकाळी आपली उंची साधारण सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर जास्त भरते. फुगलेली चकती ताठ असते आणि नेमकं तेव्हाच आपण नळाखालच्या कळशीवर कंबरेतून वाकतो. उठल्यावर निदान अर्धा-पाऊण तास ओणवं होणं टाळा. आधी घरातल्या घरात फेऱ्या मारा, चहा घ्या. पाणी त्याच वेळी येत असेल तर कळशी अर्धीच भरा आणि दोन खेपा जास्त करा.

मला हे पुस्तकातून कळलं होतं, पटलं मात्र २०१९ च्या पुरात. कृष्णेचं पाणी गल्लीत शिरलं म्हणून मी झोपेतून उठले, तांदळाचा डबा हात लांब करून माळ्यावर चढवायला गेले आणि तशीच अडकले. फिजिओथेरपिस्ट बाई आठवडाभर भिंत धरून चालत होती! तुमच्या यार्डातले हमाल बघा, पोतं कधी अंगापासून लांब धरत नाहीत.

वाकायचं कसं, ते झाडूच्या दांड्याने शिका. दांडा पाठीवर उभा धरा. डोक्याची मागची बाजू, पाठ आणि माकडहाडाच्या वरचं हाड, तिन्ही ठिकाणी तो टेकला पाहिजे. आता गुडघे किंचित सैल सोडून कुल्ले मागे ढकलत वाका, मागचं दार ढुंगणाने लोटतो ना, तसं. एका जागीही दांडा सुटला तर कंबर वाकली. रोज दहा वेळा करा. सुरुवातीला घरचे हसतील.

मांडी घालून बसणं वाईट नाही, पण सात तास तीच मांडी नको. मोठेपणी चकत्यांच्या आतपर्यंत रक्तवाहिन्या पोचत नाहीत. दाब पडला आणि सुटला की त्यांचं पोषण होतं. म्हणून अगदी ताठ बसलात तरी तास-तासभर नको. फोन आला की उभं राहून बोला, सौदे निघाले की बाहेर जाऊन बघा, कमरेवर हात ठेवून पाच-सहा वेळा मागे झुका. संध्याकाळी आमराईत अर्धा तास भरभर चाला.

सासऱ्यांना सांगा, जमिनीवर झोपायची गरज नाही. २००३ साली स्पेनमधल्या ३१३ कंबरदुखीच्या रुग्णांवरचा अभ्यास छापून आला. त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांना जास्त आराम पडला होता. आपली नीट पिंजलेली कापसाची गादी चालेल, खड्डा पडलेली नको.

उसण भरली तरी दिवसेंदिवस झोपून राहू नका, जमेल तेवढे हिंडा-फिरा. मात्र पायात ताकद कमी वाटली, मांड्यांच्या मधल्या जागेत बधिरपणा आला किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ताप किंवा कारणाशिवाय घटणारं वजन असेल तरीही दाखवून घ्या.

राहिला पट्टा. दुखत असेल त्या दिवशी आधार वाटला तर तेवढ्यापुरता बांधा. रोज बांधल्याने पुढची उसण टळत नाही. मित्राला परत द्या, त्याला लागेल.